एक्कावन्न रविवार

"एक्कावन्न," लिफ्ट मेकॅनिकच्या बायकोने कपाटाला चिकटवलेल्या तक्त्यावर बोट टेकवलं. "एकही रविवार चुकला नाही तुमचा. माझं चालणं मात्र फेब्रुवारीतच बोंबललं."

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दोघांनी तो तक्ता आखला होता. तिचा रकाना रोज चालण्याचा, त्याचा दर रविवारी ताईला भेटण्याचा. ताई वृद्धाश्रमात होती. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"आज वर्षातला शेवटचा. मीही येते," बायको म्हणाली.

खरं तर तो तीनदाच गेला होता. तिसऱ्या खेपेला ताईने विचारलं होतं, "बारक्या, मला घरी कधी नेतोस रे?" दोन खोल्यांत पाच माणसं, हे उत्तर काही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानंतर दर रविवारी आश्रमाच्या फाटकासमोरच्या हॉटेलात दोन चहा घ्यायचे, पेपर चाळायचा आणि घरी येऊन बरोबरची खूण करायची. तीस वर्षांत लिफ्टच्या तपासणीपत्रकावर त्याने एकही खोटी खूण केली नव्हती. दोर न बघता सही ठोकणाऱ्यांची तो चारचौघांत हजेरी घ्यायचा.

बसमध्ये सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि सुट्ट्या पैशांचं काहीतरी बोलला.

ताई खिडकीशी बसली होती. पार वाळली होती. बायको तिच्याजवळ टेकली. "काय ताई, दर रविवारी येऊन डोकं खातात ना हे तुमचं?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"येतो की," ती म्हणाली. "फारसं बोलत नाही. पण तो लहानपणापासूनच घुम्या."

बायको औषधांची चौकशी करायला ऑफिसात गेली. तो उभाच होता.

"खोटं का बोललीस, ताई?"

"मग काय, बायकोसमोर तुला तोंडघशी पाडू?" तिने खिडकीकडे मान वळवली. "समोरच्या हॉटेलात बसायचास. पाठमोरा. तुझं टक्कल मी ओळखत नाही होय?"

"हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती, तर तिथेही यायचा थांबला असतास." तिने पदर सारखा केला. "घरी ने म्हणाले, तिथेच चुकलं माझं."

"नाही गं, तुझं नाही..."

ताईने दोन्ही हात पुढे केले. "नखं वाढलीत बघ. इथली बाई घाईघाईत पार मुळापर्यंत कापते. तू काप, हळू."

त्याने नर्सकडून नेलकटर मागून आणला, दोनदा हात धुतले आणि तिचा हात मांडीवर घेऊन करंगळीपासून सुरुवात केली. ग्रीसने काळवंडलेल्या त्याच्या बोटांत तिची बोटं काडीसारखी हलकी लागत होती.

बायको दारात आली. "निघायचं ना?"

"थांब जरा," तो मान वर न करता म्हणाला. "अजून एक हात राहिलाय. मग तुला काही सांगायचंय."