सोजराबाईला कुणी विचारलं?

"दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" चौऱ्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर किशनरावांनी विचारलं. सोजराबाईला नव्हे, तिच्या मुलाला! बाईमाणसाचं दुखणं पुरुषानं सांगायचं, ही आपली रीत. हा मुलगा, दुबलगुंडीचा शाळामास्तर पिराजी, रुबाबात म्हणाला, "कायबी न्हाई, साहेब." कॅन्सरवरचं नवं औषध आईवर करून बघायला सहीही त्यानंच दिली. आई शेजारच्याच बाकड्यावर बसलेली.

औषधानं छातीतली गाठ जिरायला लागली. पिराजी गावभर सांगत सुटला. आणि एका सकाळी वॉर्डात आईच्या हिरड्यांतून रक्त सुरू झालं, ते थांबेना.

डॉक्टर धावत आले, तर सोजराबाई पदराच्या टोकाची गाठ सोडून एक पांढरी गोळी तोंडात टाकत होती. वर चहाचा घोट.

"हे काय घेताय?"

"डोस्क्याची गोळी हाय की, किराण्यातली. च्याबरोबर रोज लागतीच."

"अहो, ही रक्त पातळ करते! नव्या औषधाबरोबर चालते का, हे अजून कुणी तपासलेलं नाही. लपवलंत कशाला?"

"लपवीन कामून? मला कवा इचारलाव?"

पिराजी खवळला. "आई, मला तरी सांगायचं!"

मैलूरहून बहिणीजवळ आलेली राजूमावशी ताडकन उठली. "गप रे मास्तर! कॅन्सर तुला झालाय का तिला? औषध नवं हाय, अजून कुणाला नीट ठावं न्हाई, हे तरी तिला सांगितलास का? आन् डाक्टरसाब, औषध तिच्या अंगात घातलाव अन् सवाल ह्याला?"

डॉक्टरांनी लगेच दोन्ही औषधं बंद केली, पण उशीर झाला होता. सोजराबाई गेली. नव्या औषधानं, गोळीनं की दोन्ही मिळून, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही!

आईचं लुगडं न्यायला पिराजी वॉर्डात आला, तेव्हा त्याच खाटेवर मन्नाएखेळ्ळीची नागूबाई होती. डॉक्टर सवयीनं तिच्या नवऱ्याकडं वळले आणि तोच प्रश्न विचारला.

"दुसरं कायबी न्हाई," नवरा म्हणाला.

"गप बसा, अण्णा!" पिराजी ओरडला. "मीबी असंच बोललो व्हतो. आई घालवून बसलो! साहेब, तिला इचारा!"

किशनरावांची मान खाली गेली. मग ते स्टूल ओढून नागूबाईसमोर बसले. "अक्का, हे औषध नवीन आहे. अजून करून बघायलो आम्ही. तुम्ही आणखी काय घेता?"

नागूबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग हळूच तिचा हात पदराच्या टोकाकडं गेला.

वाचकहो, ज्याच्या अंगात औषध जाणार, त्यालाच विचारा, त्यालाच सांगा. आणि बायांनो, कुणी विचारलं नाही तरी बोला! एवढं शिकायला आपल्याला एक सोजराबाई मारावी लागली. लाज वाटू द्या!