ओलाव्याची खोली

"फुटायची ती फुटतेच गं. साच्यात पडायच्या आधीच देवाला ठाऊक असतं, कुठली अखंड निघणार आणि कुठली टोपलीत जाणार."

आत्याचा हा आवाज माझ्या कानात शिरला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आत्या चर्चच्या मागच्या खोलीत ओस्त्या भाजायची. ओस्ती म्हणजे मिस्सेच्या, चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, वेळी फादर हातावर ठेवतात ती कागदासारखी पातळ, पांढरी, गोल चकती. नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. लोखंडी साच्याच्या दोन तव्यांमध्ये पातळ पीठ ओतायचं, साचा मिटायचा, कडेने फुस्सकन वाफ सुटायची, आणि उघडला की आत पांढरंशुभ्र पान. त्या पानातून चकत्या कापायच्या. अखंड निघतील त्या डब्यात, फुटतील त्या टोपलीत. हात चालू असले की आत्याच्या ओठांवर ओवी यायची, तिची तिनेच रचलेली:

एका पोत्याचं गं पीठ, एका घागरीचं पाणी,
एक ताटात मिरवे, एक झाडून ने कुणी.

"आत्या, माणसांचंपण असंच असतं?" मी विचारलं.

"मग! देवाला सगळं आधीच ठाऊक."

"मग मी कुठली?"

आत्या हसली. "ते मला कसं ठाऊक असणार, वेडाबाई?"

तिने थट्टा केली होती, हे मला आज कळतं. पण लहान पोटात गेलेली थट्टा कधी कधी पचतच नाही. तो काटा मी गिळला आणि त्याच्यासकट मोठी झाले. पुढे आत्या गेली, साचा माझ्या हाती आला, ओवीही आली. काटा होताच.

माझं लग्न झालं ते एका प्लंबरशी. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. चर्चने रीतसर परवानगी दिली म्हणून लग्न लागलं. "देव असला तर चांगलंच आहे," ते म्हणायचे, "पण नळ गळायचा काही थांबत नाही. तो मलाच थांबवावा लागतो." दर रविवारी ते मला चर्चच्या दारापर्यंत सोडतात आणि बाहेरच्या बाकावर मिस्सा संपेपर्यंत बसून राहतात. आत कधी आले ते फक्त पाइप फुटला म्हणून, पाना-पक्कड घेऊन. पैसे घेतले नाहीत. फादर त्यांना आमचे बाकावरचे भाविक म्हणतात.

इतकी वर्षं मी त्या बाकाकडे पाठ करून आत गेले आणि आत बसून त्या बाकाचाच विचार करत राहिले. दार बंद झाल्यावर बाहेरचा माणूस बाहेरच राहिला, तर?

मग त्यांच्या काळजाचा व्हॉल्व्ह बिघडला. पायऱ्या चढताना धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. वय, साखर, सगळं धरून धोका आहे, हेही सांगितलं. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "अगं, व्हॉल्व्हच बदलायचाय. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? फक्त या वेळी मेन बंद करून झोपायचं."

घरातले सगळे ते मरतील म्हणून घाबरले होते. मी मरणाच्या पुढच्याला घाबरले होते, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कोण ऐकून घेणार? माणूस जगतोय की मरतोय अशी वेळ, आणि ही बाई डबा आणि टोपली करत बसलीय.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते. वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, खुर्चीत विणकाम घेऊन बसल्या होत्या. शेवटी त्यांनी सुई खाली ठेवली.

"अगं, बस तरी, नाहीतर जा तरी. तुझ्याकडे बघून माझे टाके सुटतायत."

"रविवारच्या ओस्त्या करायच्या राहिल्यात," मी म्हणाले.

"मग जा, करून ये. त्याला दुपारशिवाय नेत नाहीत. मी आहे ना इथे, त्याच्याशी भांडायला."

"तू असलीस की भूल द्यायची गरज नाही," हे पलंगावरून म्हणाले. "बोलत राहा, मी आपोआप झोपतो."

मी निघाले. 

ओस्त्या भाजायच्या खोलीला लागून एक लहान खोली आहे, ओलाव्याची खोली. खिडकी नाही. दोरीवर ओली फडकी टांगलेली, खाली पाण्याची पसरट भांडी. साच्यातून निघालेलं पान वाळल्या पाचोळ्यासारखं कुरकुरीत असतं. ते तसंच कापलं तर त्याचा भुगा होतो. म्हणून पानं या खोलीत फळ्यांवर मांडून ठेवायची. हवेतली ओल हळूहळू मुरते, पान मऊ पडतं, वाकवलं तर वाकतं. मगच कापायचं. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे.

आणि त्या दिवशी मी पानं भाजली आणि साच्यावरून उचलून थेट कापणीच्या टेबलावर नेली.

पहिल्या चकतीला तडा गेला. दुसरीचे तीन तुकडे झाले. मी पुढचं पान घेतलं. तेही गेलं. कापायची गोल नळी दाबली की कर्रकन आवाज, आणि बोटांखाली चुरा. माझे हात थांबेनात. एक, फक्त एक अखंड निघू दे, असं मी मनात धरलं होतं. एक निघाली तर ते वाचतील. इथेही आणि तिथेही. असला कौल लावू नये, पाप आहे, हे मला पाठ होतं. तरी लावला. टोपली भरत गेली. डब्याचा तळ तसाच चकचकीत.  आत्या मागे उभी राहून हसतेय, असं वाटलं. फुटायची ती फुटतेच गं.

"आज सगळ्यांचा चुरा?" दारातून आवाज आला.

मी किंचाळलेच. फादर होते, डबे न्यायला आलेले. जाडजूड माणूस, गुडघ्याने अधू, दर दोन पावलांना चौकटीला हात लावणारा. त्यांनी टोपलीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. मिस्सा होईपर्यंत ते नुसतं पीठ-पाणीच असतं, त्यामुळे त्यात काही चूक नाही.

"साचा बिघडला का?"

"नाही फादर. ओल बसू दिली नाही. मीच घाई केली."

बोलून गेले, आणि माझेच शब्द मला परक्याचे वाटले. साच्यात काहीच ठरलं नव्हतं. ही पानं फुटली, कारण कुणीतरी त्यांना वेळ दिला नाही.

मी स्टुलावर बसले. मग सगळंच बाहेर पडलं. आत्या, टोपली, बाक.

फादर ऐकून घेऊन म्हणाले, "तुझी आत्या ओस्त्या उत्तम भाजायची. पण धर्मशिक्षण द्यायला तिला ठेवलं नाही ते बरं केलं." मग ते गंभीर झाले. "चर्च असं शिकवत नाही, बाई. देवाने कुणालाही टोपलीसाठी घडवलेलं नाही. त्याला सगळेच हवेत."

"पण त्याला आधीच ठाऊक असतं ना?"

"ठाऊक असणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. तुझा नवरा चहात चोरून साखर घालणार, हे तुला ठाऊक असतं की नाही?"

"असतं."

"म्हणून ती तू घालतेस?"

"मी तर डबा वरच्या फळीवर लपवते."

"आणि तो?"

"स्टूल घेतो."

फादर हसले. मला हसू आलं नाही. 

"पण फादर, बाप्तिस्माच नाही त्यांचा."

"देवाने बाप्तिस्म्यासारखे संस्कार दिले ते आपल्यासाठी. स्वतःचे हात त्याने बांधून घेतलेले नाहीत. एखादा माणूस त्याला न ओळखताही जे खरं वाटतं तेच धरून चालला असेल, तर त्याला तो कुठून कसा आत घेईल, हे तुला-मला काय कळणार? अमुक माणूस स्वर्गात आहे, असं चर्च नाव घेऊन सांगतं. आपण त्यांना संत म्हणतो. अमुक माणूस नरकात आहे, असं चर्चने आजवर एकाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही."

"म्हणजे ते नक्की वाचतील?"

फादर खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. "नक्की मला माझंही सांगता येत नाही," ते म्हणाले. "आशा धरायची. ती मात्र घट्ट धरायची."

मी टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत म्हणाले, "समजा एखाद्या बाईने नवरा झोपलेला असताना कपाळावर पाणी घातलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले, तर?"

"झोपलेल्या माणसाच्या बोटात अंगठी सरकवली तर लग्न लागतं?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मोठ्या माणसाला बाप्तिस्मा स्वतः मागावा लागतो. देवसुद्धा दार ढकलून शिरत नाही. मी येऊ का दवाखान्यात?"

"नको. तुम्हाला बघून म्हणतील, एवढं बिघडलंय का?"

"बरं." डबा रिकामाच काखेत मारून ते वळले. चौकटीला हात टेकून थांबले. "तू विचारलंयस का त्याला कधी?"

मी टेबल पुसायला घेतलं.

नव्हतं विचारलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, एका पांघरुणात निजलो, पण हे नाही. विचारलं आणि "नाही" म्हणाले तर? न विचारलेल्या प्रश्नाला निदान "नाही" हे उत्तर तरी नसतं. मी त्या बाकाला तसंच राहू दिलं होतं. आत्याची ओवी खोटी, असं आज फादर म्हणत होते. मी मात्र जन्मभर ती खरी धरून वागले होते. ठरलेलंच आहे तर विचारायचं कशाला?

उरलेली पानं मी ओलाव्याच्या खोलीत मांडली आणि दार ओढून घेतलं. रविवारपर्यंत ती मऊ होतील. फळीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिले, तर आपोआप ओठांवर आलं:

एका पोत्याचं गं पीठ, एका घागरीचं पाणी,
ओल मुरू दे सखये, घाई करू नये कुणी.

पण मला वेळ कुठे होता? दुपार झाली होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना इंजेक्शन दिलेलं होतं. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. छातीवरचे केस काढून टाकल्यामुळे छाती पोरवयाची दिसत होती. हात चादरीवर होते. नर्सबाईंनी घासघासून धुतले तरी नखांच्या कडांतला काळा रंग गेला नव्हता. वन्सं मला बसवून चहाला खाली गेल्या. बाहेर चाकांचा आवाज आला की मी दाराकडे बघायचे. आले न्यायला? नाही. पुढच्या खोलीत गेले.

उशाशी वन्संचा पाण्याचा पेला होता.

कळतं पण वळत नाही, ते असं. फादर काय म्हणाले ते अक्षर न् अक्षर आठवत होतं. तरी मी बोटं पाण्यात बुडवली. पेल्याला बांगडी वाजली. मनात शब्द सुरू केले, "मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या..." आणि एक थेंब आधीच निसटला, त्यांच्या भुवईवर पडला आणि कानाकडे ओघळला.

"वर कुठेतरी गळतंय," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी दगड झाले. त्यांनी एक डोळा उघडला, छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं. मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मालकाला न विचारता कनेक्शन जोडतेयस."

मला रडू फुटलं. पदर तोंडात धरला तरी आवाज यायचा तो आलाच.

"एवढी घाबरलीस?" त्यांचा आवाज औषधाने जड झाला होता. "मी मरेन म्हणून?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"नाही? मग हरकत नाही, मला वाटलं..." आणि ते थांबले. माझी भीती त्याच्याही पुढची आहे, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. थट्टा ओठांवरच विझली. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझा ओला हात हातात घेतला.

तेवढ्यात दार उघडलं. "चला काका," म्हणत दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. मागून वन्सं धावत. चादरीसकट त्यांना उचललं, पट्टा बांधला. मी हात सोडला नाही. बोळ लांब होता. वरचे दिवे त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत होते. मी शेजारून चालत होते आणि शब्द घशाशी येऊन परत जात होते. आत्ता. नको. त्या वळणावर. नको, वन्सं आहेत. "नाही" म्हणाले आणि त्यावरच दार मिटलं, तर मी ते कुठे ठेवू?

बोळाच्या टोकाला दोन झडपांचं मोठं दार होतं. दाराबाहेर एक बाक. लाकडी, रिकामा.

"बाई, इथपर्यंतच," पुढचा माणूस म्हणाला.

मी स्ट्रेचरची कड धरली. "थांबा. एक मिनिट थांबा."

"अगं, सोड त्याला," वन्सं कुजबुजल्या.

मी वाकले. त्यांचे डोळे जड होते, पण माझ्यावरच होते. भुवई त्या थेंबाने अजून ओली होती.

"अहो, ऐका. मी तुम्हाला एक कधीच विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाल, या भीतीने. म्हणायचं तर म्हणा. मी इथे या बाकावर बसेन, तुम्ही चर्चबाहेर माझ्यासाठी बसता तशी. पण विचारते. तुम्हाला यायचंय का? माझ्याबरोबर, आत?"