महाराजांचा घसा आणि लाल पाण्याची वाटी

आमच्या गावात सप्ताहाच्या कीर्तनकाराला घरोघरी बोलावतात आणि काहीतरी खाऊ-पिऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. हातावर ठेवलेलं परत करायचं नाही, हा नानासो महाराजांचा नेम. यंदा सांगलीहून आमच्या घरी उतरले तेच घसा धरून. चौथ्या दिवशी तर आवाज इतका बसला, की अभंगाचं चरण आम्हा टाळकऱ्यांनाच ओढून न्यावं लागलं. काल्याचं कीर्तन तीन दिवसांवर. मी वीस वर्षं त्यांच्यामागे टाळ धरतोय. काल्याला त्यांचा सूर लागला, की देऊळ हातभर उंच झाल्यासारखं वाटतं. यंदा तो लागणार नाही, या धास्तीनं मला घास गोड लागेना.

पहिल्याच दिवशी गावाला कळलं मात्र, औषधांची रीघ लागली होती. लिंबू-मध काय, आवळ्याचा रस काय, आल्याचा चहा काय! शेजारच्या मनुबाई तांब्याभर गरम लिंबूपाणी आणून समोर बसून पाजायच्या. महाराज सगळं प्रसाद म्हणून घेत राहिले आणि घसा आणखी गेला.

शेवटी पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीनं पाहून सांगितलं, की पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजतंय. कीर्तनानंतर उशिरा जेवण, लगेच आडवं होणं, वरून चहा नि आंबट. त्यांनी गोळ्या दिल्या, चहा-आंबट बंद केलं, बोलायचं नाही म्हणाले. पुढची दोन कीर्तनं दुसऱ्या बुवांकडे दिली. पण हातावरचं परत न करणाऱ्या, त्यात मौन धरलेल्या माणसानं मनुबाईंना नाही म्हणायचं कसं?

दुपारी त्या तांब्या घेऊन आल्याच. माझी सून रेश्मा शाळेत विज्ञान शिकवते. ती वाद घालत बसली नाही. वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली, वर कणभर पापडखार. पिवळं पाणी बघता बघता कुंकवासारखं लाल झालं.

"मनुआत्या, तुमचं लिंबूपाणी घाला ह्यात."

दोन-तीन चमच्यांतच लाल रंग गेला, पाणी पुन्हा हळदीचं पिवळं. रेश्मा म्हणाली, हळद खारानं लाल होते आणि आंबटानं परत पिवळी; एवढं आंबट भाजलेल्या घशावर पडतंय. उभा जन्म ज्या हळदीनं पूजा केली, तिच्यात हे दडलेलं होतं! दुसऱ्या वाटीत मी चहा ओतून पाहिला, तर लाल हटेना. रेश्मा म्हणाली, चहा तेवढा आंबट नसतो. पण पोटाच्या तोंडाशी जे दार आहे, ते तो सैल करतो, मग आम्ल वर चढतं.

मनुबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे इतकं दिस मीच भाजत हुते व्हय गं महाराजांना?"

"न्हाई आत्या. लिंबू चांगलंच. भाजलेल्या घशाला तेवढं नको."

मग रोज खारच पाजूया का, असं मी विचारलं. तर म्हणे, तसं नाही मामा, अन्न पचवायला पोटाला आंबट लागतंच. यावर महाराजांनी मौनासाठी जवळ ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं: 'एवढं जाळणारं आत आहे, मग पोट कसं जळत नाही?'

रेश्मानं सांगितलं, की पोटाला आतून बुळबुळीत अस्तर असतं आणि ते सारखं नवं होत राहतं.  महाराजांनी स्वतःच्याच पोटाकडे बघून हात जोडले. डोळे भरले होते.

त्यानंतर दारात मनुबाईच उभ्या राहिल्या. कुणी काही घेऊन आलं, की म्हणायच्या, "महाराज न्हाई म्हणत न्हाईत, म्हणून मी म्हणते. चला मागं." दिवस मावळायच्या आत त्या स्वतः दूध-भाकरी, दुधीची भाजी नाहीतर मुगाची खिचडी वाढायच्या.

काल्याच्या सकाळी महाराज उभे राहिले. आवाज आला, पण हलका, ओल्या मातीसारखा. वरच्या सुराच्या अलीकडेच ते थांबले आणि दोन्ही हात आमच्याकडे केले. तो सूर अख्ख्या मांडवानं उचलला. माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी दृष्टांत दिला तो आपल्या पोटाचा. ज्यानं आत विस्तव ठेवला, त्यानंच त्याच्याभोवती मायेचं अस्तर घातलं, इतकंच बोलले. 

हंडी फुटली. मनुबाईंनी दही-लाह्यांची मूठ त्यांच्यासमोर धरली आणि दही आंबट, हे आठवून तशीच थांबवली. महाराजांनी मांडवात रेश्माला शोधलं. तिनं दुरून बोटांची चिमूट करून दाखवली, एवढंच.

त्यांनी चार लाह्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि डोळे मिटून खाल्ल्या.