बाहेरचं वारं

रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा झोप लागत नाही म्हणजे काय, हे सालवडच्या त्या जुन्या गल्लीत कुणाला कळतच नव्हतं. लोकांना वाटायचं, रात्रभर जागली आहे, म्हणजे आडवी झाली की ढाराढूर! प्रतीक्षा आडवी व्हायची खरी. पण डोळे मिटले की माळ्याच्या फळ्यांमधून ऊन टोचायचं. ऊन सरकलं की धूळ यायची. धूळ बसते न बसते तोच कारखान्यांकडून तो आंबट, नाक चरचरवणारा वास यायचा. आणि या सगळ्यांच्या वरताण शेजारच्या काशीबाईंचा आवाज.

"हाSSड! मेल्यांनो, तुमच्या बापाचे बोंबील हायेत काय?"

हे कावळ्यांना. काशीबाई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या, आणि आपल्या अंगणात बोंबील-जवळा वाळत घालून दिवसभर ओट्यावर राखण करत बसायच्या. कावळ्यांशी त्यांचं सात जन्मांचं वैर होतं. मनानं मात्र लोण्याचा गोळा. अख्ख्या गल्लीत कुणाला शिंक आली तरी काशीबाई काढा घेऊन हजर.

प्रतीक्षाचा नवरा सुजीत टेम्पो घेऊन सुरतेच्या रस्त्यावर असायचा, मुलगी वसईला नर्सिंगच्या हॉस्टेलात. घरात ही एकटी. त्यामुळे तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं कुणी रोज बघत नव्हतं. अशी गोल आणि काळी, जणू कंपासनं काढून पेन्सिलीनं गिरवलेली.

बघत होती ती फक्त पाळीवरची सुपरवायझर, हिना मॅडम. गोळ्यांच्या कारखान्यात पट्ट्यावरून औषधांच्या स्ट्रिपा सरकत जायच्या आणि एखाद्या स्ट्रिपेत गोळीची जागा रिकामी दिसली की ती उचलून बाजूला टाकायची, हे प्रतीक्षाचं काम. सोपं वाटतं ना? पहाटे करून बघा. एका पहाटे तिचे डोळे उघडेच होते, पण बघत नव्हते. रिकामी स्ट्रिप पुढे गेली. हिना मॅडमनं ती हातानं अडवली आणि हळूच म्हणाली, "ताई, आज मी होते. उद्या वरच्या साहेबांनी पकडलं, तर मला 'येऊ नका' एवढंच सांगावं लागेल. घरी झोपत नाही का तुम्ही?"

झोपत नाही का! प्रतीक्षाला हसू आलं, आणि हसायलाही जीव नव्हता.

सुजीत पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं मेहुलच्या दुकानातून एक जुना एसी आणून खिडकीत बसवला. मेहुल बोईसरचाच, घरात गुजराती, बाहेर मराठी. पहिल्या दिवशी एसी गुरगुरायला लागला, तो थांबेचना. खोली मात्र कोमटच. उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीसारखी. शेवटी प्रतीक्षानं मेहुलला बोलावलं.

त्यानं मशीनला हात लावला, मग भिंतीकडे बघितलं, मग वर माळ्याकडे. "मशीन चांगली आहे, भाभी. थंडी पण करते. पण थंडी राहतच नाही ना! तुम्ही अख्ख्या सालवडला गार करताय."

"म्हणजे?"

"अगरबत्ती आहे?"

देवापुढची अगरबत्ती पेटवून मेहुल खोलीभर फिरायला लागला. दाराच्या फटीपाशी धरली, तर धूर एकदम आडवा होऊन थरथरला. खिडकीच्या चौकटीपाशी तेच. वायर जिथून आत येते त्या भोकापाशी तेच. भिंत जिथे माळ्याला टेकते तिथे तर स्टुलावर चढावं लागलं, आणि तिथून धूर असा वर ओढला गेला, जणू कुणीतरी पलीकडून सुर्रकन पीत होतं. प्रतीक्षा तोंडाला पदर लावून बघत राहिली. इतकी वर्षं ती याच घरात राहत होती, आणि घराला एवढी नाकं आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं.

मेहुलचा आवाज मुळात मोठा. स्टुलावरून तो गरजला, "बाहेरचं वारं आत शिरतंय, भाभी! चारी बाजूंनी! एक-एक जागा शोधून बंद करावी लागेल, नाहीतर ते जाणार नाही!"

आता हे वाक्य तुम्ही-आम्ही ऐकलं तर खिडकीला रबर लावू. पण ते ऐकलं काशीबाईंनी, ओट्यावर बसून, बोंबील उलटता उलटता. उघड्या दारातून त्यांना काय दिसलं? एक परका माणूस हातात अगरबत्ती घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरतोय, धूर आपोआप वाकडा होतोय, आणि समोर प्रतीक्षा, डोळे खोल गेलेले, तोंडावर पदर. आणि त्यांच्याकडे 'बाहेरचं वारं' म्हणजे एकच गोष्ट. अवसे-पुनवेला तिन्हीसांजेच्या वेळी वाटेवर माणसाला धरतं ते.

"अगो माझे बाये," काशीबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "म्हनून पोर झोपत नाय!"

मेहुलनं दोन दिवस काम केलं. झोपायच्या खोलीपुरतंच. स्वयंपाकघराच्या जाळीला त्यानं हात लावला नाही, "तिथे गॅस आहे, भाभी, तिथे हवा पाहिजेच." माळ्याच्या फळ्यांमधल्या फटींवर खळ लावून जाड कागद, त्यावर थर्माकोल. भिंतीच्या वरच्या कडेला विटांचे तुकडे आणि सिमेंट. वायरीच्या भोकात पुट्टी, खिडकीला रबराची पट्टी, आणि दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षानं दार लावलं, मशीन सुरू केलं, आणि थोड्या वेळात ते आपणहून खट्‌ करून थांबलं. खोली गार होती आणि गारच राहिली. वास नव्हता. कावळ्यांचं भांडणसुद्धा लांब, शेजारच्या गावात चालल्यासारखं. प्रतीक्षाच्या पापण्या जड झाल्या...

टक टक टक.

दारात काशीबाई. हातात लिंबू-मिरची. "चौकटीला बांद. काय इचारू नको."

त्यांना वाटेला लावून ती परत पडली. टक टक. टोकाच्या घरातली सोमी, कागदाच्या पुडीत अंगारा घेऊन. "काशीआत्यानी सांगितला. वैनी, मासवनकडं एक वारा उतरवनारा भगत हाय, आनू का?" मग दुपारी आणखी एक बाई आली, जिच्या बहिणीला अस्संच झालं होतं, आणि ती बहिणीची गोष्ट पार लग्नापासून सांगायला बसली. प्रतीक्षानं दोनदा सांगून पाहिलं की ते वारं वेगळं, हे वारं वेगळं. बाईनं मान हलवली, समजुतीनं, आजारी माणसापुढे हलवतात तशी.

असे काही दिवस गेले. फटी सगळ्या बुजल्या होत्या, पण दाराचं काय करणार? मेहुलकडे माणसं बुजवायची पट्टी नव्हती. एका पहाटे परत पट्टा तिच्या डोळ्यांपुढून धावत राहिला आणि हिना मॅडमचा हात मध्ये आला. या वेळी मॅडमनं ती स्ट्रिप स्वतःच बाजूला टाकली आणि पुढे गेली. ते जास्त लागलं.

त्या सकाळी प्रतीक्षा बसमधून उतरली तेव्हा पाय आपले नाहीतच असं वाटत होतं. काशीबाई नारळ घेऊन उभ्याच होत्या.

"मावशी, मला फक्त झोपू द्या हो."

"झोप लागत नाय ना? त्येच लक्षन, बाये."

आणि मग प्रतीक्षाच्या तोंडून ते निघालं. ठरवून नाही. दमलेल्या माणसाच्या हातून जसा पेला सुटतो तसं. "मावशी, त्यानं सांगितलंय, मी सकाळी दार लावलं की संध्याकाळपर्यंत ते वाजवायचं नाही. नाव घेऊन हाक मारायची नाही. जो वाजवेल त्याला ते धरेल."

काशीबाई दोन पावलं मागे सरल्या. "कोनी सांगितला? त्या मशीनवाल्यानी?"

"त्यानंच."

"तरीच! पोरगा गुजराती हाय, पन जानकार वाटला मना."

झालं! गल्ली अशी गप्प झाली, जशी हेडमास्तर फेरीला आले की शाळा होते. पोरं क्रिकेट घेऊन दुसरीकडे गेली. भंगारवाला वळणावरूनच परत फिरला. काशीबाईंचं 'हाड'सुद्धा बंद. प्रतीक्षा झोपली. उठली तेव्हा तिला क्षणभर कळेना, सकाळ आहे की संध्याकाळ, आपण कोण, कुठे. अंग मेणासारखं सैल पडलेलं. त्या पाळीला तिनं रिकामी जागा लांबूनच हेरून स्ट्रिप उचलली. हिना मॅडम बघत होती. मान डोलावून पुढे गेली.

आठवडाभर सगळं असंच चाललं. शिणवटा एकदम जात नाही, तो वर्षानुवर्षं साठलेला असतो, पण निदान रोज थोडा खरवडून निघत होता.

मग एका दुपारी घशाला कोरड पडून तिला जाग आली. माठ बाहेरच्या पडवीत. दार उघडलं, तर अंगावर भट्टीचा जाळ आल्यासारखं ऊन. आणि तिच्या पायरीवर, भर उन्हात, डोक्यावर ओला पदर घेऊन काशीबाई बसलेल्या. तोंड लालबुंद. वाटेनं कुणी आलं की ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवत होत्या. आणि पलीकडे, त्यांच्या अंगणात, बोंबिलांवर कावळ्यांची पंगत बसली होती. निवांत. कुणी हाकलणारं नव्हतं, कारण हाकलणारी इथे होती आणि तिला ओरडायची बंदी होती.

प्रतीक्षाची झोप खाडकन उतरली.

"मावशी! अहो, किती दिवस बसताय अशा?"

"श्श! आत जा. लोकांचा काय भरोसा, एखांदा वाजवील."

"मावशी, ऐका. मी खोटं बोलले. कसलं वारं नाही. साधी हवा हो, फटींतून येते ती. त्या बंद केल्या, बस. मला कुणी धरलेलं नाही."

काशीबाईंनी तिच्या डोळ्यांत निरखून बघितलं. मग मान हलवली. "त्येच बोलताय तुझ्या तोंडून."

"कोण?"

"त्येच. तू नाय. धरलेला मानूस असाच बोलतो. मना काय नाय झाला, दार उघडा."

"बरं, निदान आत तरी या. गार आहे, पाणी देते."

"बघ!" काशीबाई पायरीवरून उठून चार हात लांब गेल्या. "आता ते मनाच बोलावताय आत!"

यावर माणूस काय करणार? रडावं की हसावं, तेही ठरवायला प्रतीक्षाकडे ताकद उरली नव्हती. ती गुमान घरात गेली. खिडकीला एसी बसवताना सुजीतनं मच्छरांची मोठी जाळी काढून कोपऱ्यात टाकली होती, ती उचलली, आणि अनवाणीच काशीबाईंच्या अंगणात गेली. कावळे भर्रकन उडाले. तिनं जाळी बोंबिलांवर अंथरली, कडेनं दगड ठेवले, कुठे चोच जाईल अशी एकही फट राहिली नाही ना, हे वाकून वाकून बघितलं. तळपाय भाजत होते. मग काशीबाईंच्या ओट्यावर, सावलीत, पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

"तुम्ही आता तिथे बसायचं, मावशी. तिथून माझं दार पण दिसतं."

काशीबाई संशयानं जाळीकडे बघत होत्या. "ह्ये पन त्यानीच सांगितला? बोंबलांना वारा लागू नये म्हनून?"

"हो," प्रतीक्षा म्हणाली. "त्यानंच."

काशीबाईंचा चेहरा सैल झाला. त्या आपल्या ओट्यावर जाऊन टेकल्या, घटाघटा पाणी प्यायल्या, आणि पाठ भिंतीला लावली. किती तरी दिवसांनी लावली असावी, असं बाईनं अंग सोडलं.

प्रतीक्षा पाणी पिऊन आत आली. दार लावून घेताना गल्लीत कुणाची तरी चप्पल वाजली, आणि काशीबाईंची दबकी कुजबुज शेवटच्या बोटभर फटीतून आत आली.

"हळू चाल रे. वारा पडलाय आत्ताच."

तिनं पायानंच साडीची गुंडाळी दाराला लावली आणि होती तशी, भाजल्या पायांनी, गादीवर कलंडली.