तिच्या हातची दोरी

मी एक जुनं धनुष्य आहे, मित्रांनो. तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी मी रागावणार नाही. दोरी नाही, बाण नाही, अंगात हा असा कायमचा बाक. परवा घरी आलेल्या एका पाहुण्याने तर मला कपडे वाळत घालायची काठी समजून हात घातला. म्हटलं घाला बाबा, आता काय राहिलंय.

पण माझाही एक काळ होता. तोच सांगतो. सांगताना मध्येच माझा आवाज गेला, तर तेवढं सांभाळून घ्या.

मूळचा मी तुतीचा. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आमचं झाड होतं. पोरं फळं खायची, जांभळी बोटं भिंतीला पुसायची आणि वर भोळा चेहरा करून वर्गात जाऊन बसायची. पुढे भिंत नवी बांधायची ठरली आणि झाड आड आलं. फांद्या सरपणात गेल्या. खोड मात्र एका सुताराने हातगाडीवर घालून घरी नेलं.

हा सुतार दारं, खुर्च्या करून पोट भरायचा, पण त्याचा जीव होता धनुष्यांत. मैदानावर तिरंदाजी शिकणारी मुलं त्याच्याचकडून धनुष्यं करून घ्यायची. त्याने आमचं खोड करवतीने कापलं नाही. पाचरी ठोकून फोडलं. लाकडाच्या रेषा जशा धावतात तसंच त्याला फुटू द्यायचं, असं तो म्हणायचा. त्या फुटलेल्या लांब तुकड्यांपैकी एक मी. कडा तडकू नयेत म्हणून त्याने माझ्या दोन्ही टोकांना सरस फासला आणि मला कारखान्याच्या माळ्यावर वाळायला टाकून दिलं. कंटाळा म्हणजे काय, ते मला विचारा.

खालून एक आवाज मात्र सतत यायचा. सुताराची मुलगी. तिचं तोंड दिवसभर चालू, म्हणून घरात तिला टकळीच म्हणायचे. ती अधूनमधून शिडी लावून वर यायची, बोटाच्या पेराने मला ठोकायची आणि कान देऊन ऐकायची.

"बाबा, हे वाळलंय रे. टणटण वाजतंय बघ."

"अजून नाही. खाली ये आधी."

"म्हणजे मी म्हातारी झाल्यावर करणार आहेस का?"

"तोवर तुझं तोंड दमेल, मग शांतपणे नेम धरशील," तो म्हणायचा. आणि दोघंही हसायची.

शेवटी एकदाचा मी खाली आलो. दोन मुठींची सुरी असते, ती अंगाकडे ओढत लाकूड तासायचं. आता नीट ऐका हं. झाडाच्या अंगात दरवर्षीचं एक वलय असतं. धनुष्याच्या पाठीवर त्यातलं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. सुरी जराशी जास्त घुसली, वलय कापलं गेलं, की पुढे कधीतरी धनुष्य नेमकं तिथेच मोडणार. माझ्या वरच्या भागात एक गाठ होती. सुतार त्या गाठीपाशी आला तेव्हा त्याने श्वास रोखला होता, आणि टकळीसुद्धा गप्प उभी होती. त्या घरात एवढी शांतता मी तोवर ऐकली नव्हती.

मग त्याने माझं पोट तासायला घेतलं. पोट म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडाकडची बाजू. थोडं तासायचा, मला भिंतीवरच्या खुंटावर बसवायचा, दोरी कप्पीतून टकळीच्या हातात द्यायचा आणि स्वतः लांब उभा राहून डोळे बारीक करून बघायचा. ती ओढायची, मी वाकायचो. "थांब. वरची बाजू ताठर आहे." मग पोलादी पट्टीने तिथलं चिमूटभर लाकूड खरवडायचं आणि पुन्हा ओढून बघायचं. जिथे अडतंय तेवढंच काढायचं, जिथे जास्त वाकतंय तिथे बोटही लावायचं नाही. अशी किती खरवडणी झाली, देव जाणे. टकळीला दाराला टेकवून उभं करून त्याने तिच्या हातांची लांबी घेतली होती. मी तिच्यापुरता होतो, तिच्या ओढीइतकाच.

त्या घरात एक नियम होता. नेमबाजी संपली की आधी दोरी उतरवायची, मग पाणी प्यायचं. दोरी चढवलेलं धनुष्य तसंच राहिलं तर लाकडाला वाकल्याची सवय लागते, आतले धागे चेपतात आणि सगळा जोर निघून जातो. यात सुतार कुणाचीही भीड ठेवायचा नाही. मैदानावरच्या प्रशिक्षकांनासुद्धा त्याने एकदा चारचौघांत झापलं होतं.

टकळीचा पहिला बाण शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत गेला. तिची आई घरी शिवणकाम करायची. तिने भोक रफू करून, वर हात जोडून चादर परत केली आणि घरी येऊन बापलेकीची यथास्थित हजेरी घेतली. पण हळूहळू बाण मधोमध लागायला लागले. टकळी दोरी गालापर्यंत ओढायची तेव्हा तिचं बोलणं थांबायचं, आणि तिच्या हातातली नाडी मला मुठीतून कळायची. लोक विचारायचे, हे धनुष्य कुणाच्या हातचं. ती बापाकडे बोट दाखवायची. तो उगाच हातावरची धूळ झटकायचा. मित्रांनो, तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

मग तो दिवस आला.

सकाळची वेळ. अंगणात तिने मला पायात धरून वाकवलं, दोरी चढवली, थोडे बाण मारले. दोरीला लावायचं मेण संपलं होतं. तिने मला कारखान्यातल्या खुंटीवर अडकवलं आणि सायकल काढली.

"दोरी उतरव आणि मग जा," सुतार आतून म्हणाला.

"कोपऱ्यावर तर जातेय, बाबा. आलेच."

"मग मी उतरवतो."

"हात लावू नकोस हं माझ्या धनुष्याला. माझी मी उतरवेन."

तो पुटपुटला आणि कामाला लागला. कोपऱ्यावर एक ट्रक मागे येत होता. चालकाला सायकल दिसली नाही.

पुढचं मी काय सांगू? घरात माणसं आली, रडणं झालं, माणसं गेली. मी खुंटीवर होतो. दोरी चढलेलीच होती.

थोड्या दिवसांनी प्रशिक्षक भेटायला आले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली आणि सवयीने त्यांनी दोरी उतरवायला हात पुढे केला. सुताराने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अरे, मरेल ते."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण कुठला शब्द वापरला. ते खाली बघत निघून गेले.

खरं सांगतो, सुरुवातीला मलाही ती दोरी हवीहवीशी होती. तिच्या बोटांनी खाचेत बसवलेली, तिच्या मेणाचा वास असलेली. त्या दोरीवाचून माझ्या अंगावर टकळीचं दुसरं काय होतं? पण लाकडाला माया कळली तरी ताण सोसत नाही. आधी खांदा अवघडावा तसं झालं. मग पाठ ओढून ओढून बधिर झाली. दमट हवा आली तशी पोटातले धागे एकेक करून चेपायला लागले. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, सोड रे मला, जरा सरळ होऊ दे. धनुष्याला तोंड कुठे असतं?

सुतार रोज सकाळी येऊन समोर बसायचा. दोरीला धक्का लागणार नाही अशा बेताने माझ्यावरची धूळ पुसायचा. इतर कामं तशीच पडून होती. कुणाचं दार अर्धं, कुणाची खुर्ची तीन पायांवर. टकळीची आई जेवायला हाक मारायला यायची आणि दारातच थांबायची.

"अहो, उतरवा ती दोरी. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"तिने चढवलीय ती."

"मला माहीत आहे."

"ती म्हणाली होती, हात लावू नकोस."

"ती पाच मिनिटांसाठी म्हणाली होती हो," आई म्हणायची. पदराने तोंड दाबून ती आत जायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. लाकडाचं अक्षर न अक्षर जाणणारा माणूस, पण माझ्याकडे बघताना त्याला लाकूड दिसतच नव्हतं. त्याला फक्त दोरी दिसायची.

ऋतू बदलला. एका दुपारी तो बाकावरच डोकं टेकून झोपला होता. आई झाडायला आली. तिने केरसुणी भिंतीला लावली, माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग मला खुंटीवरून खाली घेतलं. लेक दोरी कशी उतरवायची ते तिने शिवणयंत्रावरून मान वर करून कितीदा पाहिलं होतं. तसंच तिने मला पायात धरलं, वाकवलं आणि फास वर सरकवला.

दोरी सुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

सुतार जागा झाला. आधी त्याला रिकामी खुंटी दिसली, मग तिच्या हातातली दोरी. मला वाटलं, आता हा आकांत करणार. पण तो हळू आवाजात म्हणाला,

"तू उतरवलीस? एकटीने?"

"हो."

"जोर लागला का?"

ती दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग ना. तुला तर ते जमायचं नाही. टकळी हसायची तुला, तू दात आवळून ओढायचीस आणि ते तसूभर हलायचं नाही. जोर लागला का तुला?"

"नाही हो," ती म्हणाली. "सहज उतरली."

माझ्या सुताराला याहून जास्त सांगावं लागलं नाही. त्याने मला हातात घेतलं. दोरी नव्हती, तरी मी दोरी चढवल्यासारखा वाकलेलाच होतो. त्याने अंगठा माझ्या पोटावरून फिरवला आणि तिथल्या बारीक सुरकुत्या त्याला लागल्या. चेपलेल्या लाकडाला तशा सुरकुत्या पडतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मला मांडीवर आडवं घेऊन रडला. लेक गेली तेव्हा तो रडला नव्हता. आई त्याच्या शेजारी बसली.

"तिच्या हातचं जपत होतो गं," तो म्हणाला.

"तिच्या हातची दोरी होती," आई म्हणाली. "धनुष्य तुमच्या हातचं होतं. तिच्यासाठी केलेलं."

नंतर त्याने मला शेक दिला, वजनाखाली ठेवून पाहिलं. मी सरळ झालो नाही. प्रयत्न मीही केला. आता तो दारं-खुर्च्या पूर्ण करतो, वेळेवर जेवतो, कधी मला तेल लावतो. धनुष्य मात्र त्याने पुन्हा केलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या कुणाची एखादी वस्तू असेल. तिला हात लावायला भिऊ नका. पुसा, तेल द्या, गाठ असेल तर सोडवा, आणि ज्याला तिचं काम येतं अशा कुणाच्या तरी हाती द्या. मैदानावर टकळीच्या मागे उभी राहणारी एक मुलगी होती, तिचे हात बरोबर टकळीएवढेच लांब होते. वेळेवर दोरी उतरली असती तर मी तिच्या हातात जाऊ शकलो असतो. मी त्या बापाला दोष देत नाही. त्याच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. पण मला अजून बाण सोडायचे होते.