दहाला आजारी, अकराला ठणठणीत

आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स हेजिन जाणार, असं सरपंचांनी सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणे, वहीत पेशंटच नाहीत! अहो, असतील कसे? आम्ही म्हाताऱ्या दिवसभर ज्येष्ठांच्या घरात पत्ते कुटत बसतो आणि ही गुणी पोर तिथेच येऊन आमचं बीपी बघते. वहीत कोण लिहितंय? जिल्हा कचेरीला वाटलं, गाव ठणठणीत आहे, पैसे दुसरीकडे वळवा.

"सोमवारी दहाला कचेरीचा माणूस दवाखाना तपासायला येतोय ना? मग पडू या आजारी," मालसुन म्हणाली. ही माझी शेजारीण, वय ब्याऐंशी, जीभ अठराची.

अडचण एकच होती. त्याच सोमवारी अकरा वाजता 'निरोगी ज्येष्ठ' योजनेचा माणूस आमचा नाच बघायला येणार होता. नाच पसंत पडला, तर ज्येष्ठांच्या घराला नवा हीटर.

"आरोग्याचं खातं वेगळं, ज्येष्ठांचं वेगळं," मालसुनने निकाल दिला. "ते कधी एकमेकांशी बोलतात होय?"

दहाला आम्ही नऊजणी दवाखान्याच्या ऊबदार जमिनीवर आडव्या झालो. काय ते कण्हणं, बाई! ओ नावाचे साहेब हळहळत लिहून गेले. त्यांची पाठ वळताच आम्ही मिरच्यांच्या शेतातून ज्येष्ठांच्या घराकडे धूम ठोकली, लाल जाकिटं चढवली आणि गाणं लावून कंबर हलवायला लागलो.

दार उघडून आत आले ते ओ साहेबच.

"काटकसर म्हणून दोन्ही खाती माझ्याच टेबलावर आलीत," ते म्हणाले. मग मालसुनकडे बघत, "आजी, मघाशी तुम्हाला कूससुद्धा बदलता येत नव्हती."

आमच्या मागोमाग आलेली हेजिन पांढरीफटक पडली. गेली आपली पोर, असंच वाटलं मला.

"आमच्या हेजिनने हात लावला," मालसुन नाच न थांबवता म्हणाली, "झाले बरी!"

साहेबांनी दोन्ही कागद भरले. हेजिन राहिली, हीटरही मंजूर झाला. आम्ही तांदळाची दारू पिऊन अख्खी संध्याकाळ नाचलो.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. इतक्या झटपट बरं करणारी नर्स एकाच गावाला रोज कशाला? तुमच्याकडे फक्त मंगळवारी, बाकीचे दिवस शेजारच्या चार गावांना.

बुधवारी मालसुनची पाठ खरोखरच धरली.

"अगं, हेजिनला बोलव ना!"

"मंगळवारपर्यंत कण्हत राहा," मी म्हटलं, आणि दवाखान्यात जाऊन वहीत तिचं नाव लिहून आले.