हरवलेला मे महिना

मी या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका बोलतेय. इथे मला या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांसाठी मी नुसतं कॅलेंडर. जन्म छापखान्यातला, अंगावर बारा पानं, आणि वर्षाच्या पहिल्याच दिवशी फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेली. माणसं दिवसातून दहा वेळा माझ्याकडे बघतात, पण सुट्टी कधी आहे एवढंच बघतात.

घरची बाई गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पाय ब्रेकवर ठेवायचा आणि डोकं थंड. वीस वर्षं तिला ते जमलं. सत्तेचाळिसावं लागलं आणि अंगाने दगा द्यायला सुरुवात केली. पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी दोन महिने पत्ताच नाही. बंद गाडीत एकदम कानशिलं तापायची, पाठ घामाने सीटला चिकटायची. मे महिन्यात एका शिकाऊ आजोबांवर ती अशी ओरडली, की ते भर रस्त्यात गाडीतून उतरून चालू लागले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने बजावलं, "आणखी एक तक्रार आली की किल्ली टेबलावर."

"अगं, सगळ्यांनाच होतं," नणंद म्हणाली. त्यामुळे डॉक्टरकडे जाणं लांबतच गेलं. पण एप्रिलपासून ती माझ्यावर खुणा करू लागली होती. पाळीला लाल ठिपका, अंगावरून जास्त गेलं तर खाली रेघ, झोप उडाली तर फुली. मला फार बरं वाटायचं. सुट्ट्यांपलीकडेही मला काही काम होतं.

पण नवरा! तो घड्याळं दुरुस्त करतो, भारी टापटिपीचा. एक तारीख उजाडली की मागचं पान टर्रकन फाडायचा. मला तोंड असतं तर बोंबलले असते. बाई धरून चालली होती, की पानं मागे उलटलेली आहेत.

ऑक्टोबरात तिने एकदाची डॉक्टरची वेळ घेतली. सहा महिन्यांच्या तारखा आणा, असं त्यांनी सांगितलं. "माझं सगळं लिहिलेलंय," ती फोनवर ऐटीत म्हणाली, आणि मला खिळ्यावरून काढलं.

"अहो, मागची पानं कुठायत?"

"फाडली. जुनी पानं कुणाला हवीयत?"

"मला!" ती खुर्चीवर बसली. "सहा महिने माझ्या अंगाचं काय चाललंय ते मी या भिंतीवर लिहीत होते. रोज तुम्ही याच भिंतीसमोर चहा पिता ना?"

"ते ठिपके... मला वाटलं, तुझ्या शिकाऊंच्या परीक्षा."

"विचारायचं तरी!"

मग घर उलटंपालटं झालं. एप्रिल चमच्यांच्या खणात अंथरलेला सापडला. जून आणि ऑगस्ट मुलीच्या वह्यांना कव्हर म्हणून. जुलै चपलांखाली, चिखलाने माखलेला. सप्टेंबर रद्दीत. मे महिन्याच्या पानाने मात्र त्याने घड्याळांचं तेल पुसलं होतं आणि ते फेकून दिलं होतं. ज्या महिन्यात तिची नोकरी टांगणीला लागली, नेमका तोच.

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांची गुंडाळी डॉक्टरांच्या टेबलावर उलगडली. त्यांनी पान न् पान बोट ठेवून वाचलं. एवढ्या वर्षांत मला असं कुणी वाचलं नव्हतं... वर्षं कसली, एकच तर आयुष्य! "मे?" त्यांनी विचारलं. बाईला आठवेना. हल्ली तिला पुष्कळ काही आठवत नाही. नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी हरवला."

उपचार सुरू झालेत. घाम थोडा कमी आहे, किल्ली अजून तिच्याकडेच आहे. चिडचिड आहेच.

आता माझं शेवटचं पान लोंबतंय. फाडलेली पाच पानं नवऱ्याने चिमट्याने परत मला लावली. परवा त्याने विचारलं, "या महिन्यात ठिपका नाही?" ती फणकारली, "आता सुचलं?" पण उत्तर दिलं.

लवकरच इथे नवी येईल. माझी एकच विनवणी आहे: तिचं पान फाडण्याआधी वाचा. आणि मला रद्दीत टाकाल तेव्हा एप्रिल आणि जूनच्या मधली जागा तेवढी बघा.